युसुके सुझुकी आणि चालण्याची शर्यत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालण्याच्या शर्यतींबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. ऑलिम्पिक आलं की चार दिवस चर्चा होते, कुणीतरी त्या चालीची नक्कल करून दाखवतं आणि विषय मिटतो. जपानच्या युसुके सुझुकीची कारकीर्द नीट समजून घेतली, तर हा खेळ किती अवघड आहे ते कळतं. म्हणून त्याच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

युसुके सुझुकी कोण?

जपानच्या इशिकावा प्रांतातल्या नोमी या गावचा खेळाडू. जन्म २ जानेवारी १९८८. २० किलोमीटर चालण्याचा विश्वविक्रम जवळपास दहा वर्षं त्याच्या नावावर होता. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत त्याने ५० किलोमीटरचं सुवर्णपदक जिंकलं. जागतिक स्पर्धेत चालण्याच्या शर्यतीचं सुवर्ण मिळवणारा तो पहिला जपानी खेळाडू.

ऑलिम्पिकचं पदक मात्र त्याच्याकडे नाही. त्यामुळे आपल्याकडे त्याचं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं. माझ्या मते या खेळातल्या मोठ्या नावांत त्याला बसवायला त्या पदकाची गरज नाही, आणि का नाही ते पुढच्या उत्तरांत येईलच.

ही शर्यत म्हणजे पळणंच नाही का? फरक काय?

फरक दोन नियमांचा आहे. पहिला नियम असा, की दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले दिसता कामा नयेत. पळणारा माणूस प्रत्येक पावलाला क्षणभर हवेत असतो. इथे ती मुभा नाही. दुसरा नियम गुडघ्याचा. पुढे टाकलेल्या पायाची टाच जमिनीला टेकली, की त्या क्षणापासून शरीर बरोबर त्या पायावर उभं येईपर्यंत गुडघा सरळ राहिला पाहिजे. वाकलेल्या गुडघ्याने उसळी घेता येते, ती या नियमाने काढून घेतली आहे.

आता गुडघा वाकवायचा नाही आणि हवेत जायचं नाही, तर वेग आणायचा कुठून? कंबरेतून. कंबर पुढेमागे वळवून पाऊल लांबवायचं आणि पावलांची गती मिनिटाला २०० च्या वर न्यायची. लोकांना विचित्र वाटणारी ती चाल या हिशेबातून आलेली आहे. घरात दहा पावलं तशी चालून पाहा. नडगीच्या पुढच्या स्नायूत लगेच ताण जाणवेल.

मार्गावर सहा ते नऊ पंच ठिकठिकाणी उभे असतात. शंका आली तर पंच खेळाडूला पिवळी पाटी दाखवतो. पाटीवर नागमोडी रेघ असेल तर ‘पाय सुटतायत’, कोन काढलेला असेल तर ‘गुडघा वाकतोय’. ही सूचना झाली. चूक स्पष्ट दिसली की तो लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे पाठवतो. एक पंच एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो. पूर्वी तीन वेगवेगळ्या पंचांची तीन कार्डं जमली की खेळाडू थेट बाद व्हायचा (हल्ली मोठ्या स्पर्धांत आधी दंड असतो, तो पुढे येईलच). मग तो पहिला असो की पन्नासावा, आणि फिनिश लाईन शंभर मीटरवर असली तरीही.

कॅमेऱ्यात तर सगळेच हवेत दिसतात. मग ही फसवणूक नाही का?

नाही. नियमातच ‘मानवी डोळ्याला दिसेल असं’ म्हटलेलं आहे. पंच कॅमेरा वापरत नाहीत. स्लो मोशनमध्ये पाहिलं तर जगातले बहुतेक अव्वल खेळाडू काही शतांश सेकंद हवेत असतात. इतका छोटा क्षण डोळा पकडू शकत नाही आणि नियम तो धरत नाही.

सगळी कसोटी या फटीतच आहे. वेग वाढवला की तो क्षण लांबतो, आणि लांबला की पंचाला दिसतो. डोकं वरखाली होऊ लागलं, खांदे उचलले जाऊ लागले, की पंचाची नजर तिकडे वळते. सुझुकीचं नाव निघतं ते इथे. त्याची चाल जगातल्या सर्वांत नितळ चालींपैकी मानली जाते. डोकं एका रेषेत, खांदे सैल, आणि सगळी हालचाल कंबरेखाली. इतर खेळाडू ज्या वेगाला पंचांच्या नजरेत भरू लागतात, त्या वेगाला तो शांत दिसायचा. मला त्याची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते. विक्रम आणि पदक तिच्या पोटी आले.

तो या खेळात आला कसा?

नोमीमुळे. जपान समुद्राच्या किनाऱ्यालगतचं, कुतानी शैलीच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. बेसबॉलचा मोठा खेळाडू हिदेकी मात्सुई याच भागातला. पण नोमीची दुसरी ओळख चालण्याच्या शर्यतींची आहे. आशियाई रेसवॉकिंग स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं भरत आली आहे. त्याच प्रांतातलं वाजिमा हे ५० किलोमीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेचं गाव होतं. सुझुकी शाळेत असतानाच चालू लागला. पुढे जवळच्या कोमात्सु शहरातली माध्यमिक शाळा, मग जुंतेंदो विद्यापीठ आणि नंतर फुजित्सु कंपनीचा संघ, असा त्याचा रस्ता.

२००६ मध्ये बीजिंगला ज्युनियर गटाच्या जागतिक स्पर्धेत त्याने १० हजार मीटरचं कांस्य मिळवलं. ते त्याचं पहिलं मोठं यश.

कंपनीचा संघ म्हणजे? तो नोकरी करत होता का?

जपानमध्ये मोठ्या कंपन्या अ‍ॅथलेटिक्सचे संघ बाळगतात. खेळाडू कंपनीच्या पगारावर असतो, त्याला प्रशिक्षक आणि सरावाची सोय मिळते आणि तो कंपनीच्या नावाने उतरतो. आपल्याकडे रेल्वे, सेनादलं किंवा पोलिसांच्या खेळाडूंची जी व्यवस्था आहे, तिच्या जवळ जाणारी ही पद्धत. फुजित्सुकडे चालण्याच्या शर्यतीची परंपरा होती. फुमिओ इमामुरा हे स्वतः जपानसाठी चाललेले खेळाडू तिथे मार्गदर्शक होते.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याचं काय झालं?

२० किलोमीटरमध्ये ३६ वा आला. आदल्या वर्षी दैगूच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्या आठात होता, त्यामुळे अपेक्षा याहून बऱ्याच जास्त होत्या.

याच शर्यतीत केरळचा के. टी. इरफान १ तास २० मिनिटं २१ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमासह दहावा आला होता. म्हणजे पुढे विश्वविक्रम करणारा माणूस त्या दिवशी एका भारतीय खेळाडूच्या २६ क्रमांक मागे होता.

१५ मार्च २०१५ ला नेमकं काय घडलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. थोडं मागून सांगायला हवं.

२०१३ आणि २०१४ मध्ये कोबेच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुझुकीने २० किलोमीटरचा जपानी विक्रम सुधारला होता. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत चीनच्या वांग झेनच्या मागे त्याला रौप्य मिळालं. २०१५ च्या फेब्रुवारीत कोबेला मात्र एइकी ताकाहाशीने १ तास १८ मिनिटं ३ सेकंद अशी वेळ देऊन त्याला हरवलं आणि जपानी विक्रमही नेला. त्यानंतर ८ मार्चला फ्रान्सच्या योहान दिनीझने आर्ल इथे १:१७:०२ असा नवा विश्वविक्रम केला.

पुढच्याच रविवारी नोमीला आशियाई स्पर्धा होती. सुझुकीचं गाव, लहानपणापासून पायाखालचा रस्ता, थंड हवा. तिथे त्याने १ तास १६ मिनिटं ३६ सेकंदांत २० किलोमीटर चालून दाखवलं. दिनीझचा विक्रम एक आठवडाच टिकला आणि २६ सेकंदांनी मोडला. महिन्यापूर्वी ज्याच्या हातून राष्ट्रीय विक्रम गेला होता, तो आता जगात पहिला होता.

जपानमध्ये याचं मोल वेगळं होतं. १९६५ मध्ये मोरिओ शिगेमात्सुने मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला होता. त्यानंतर ऑलिम्पिकमधल्या अ‍ॅथलेटिक्स प्रकारात जपानी पुरुषाच्या नावावर विश्वविक्रम लागायला ५० वर्षं जावी लागली. आणि तो लागला तो धावण्यात नाही, चालण्यात.

हा वेग साधारण माणसाच्या हिशेबात किती?

एका किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं ५० सेकंद. ताशी साडेपंधरा किलोमीटरच्या वर. मैदानावरची ४०० मीटरची फेरी ९२ सेकंदांत, अशा ५० फेऱ्या, न थांबता आणि गुडघा न वाकवता. नियमित पळणाऱ्या हौशी माणसांपैकी कितीतरी जणांना या वेगाने पाच किलोमीटर धावतासुद्धा येत नाही.

विक्रमानंतर तो एकदम दिसेनासा का झाला?

शरीराने साथ सोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत विश्वविक्रमवीर म्हणून तो उतरला आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. जांघेचं दुखणं होतं. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडाच्या, सांध्याला सूज. फुटबॉलपटूंनाही हा आजार होतो. पोटाचे आणि मांडीच्या आतले स्नायू त्या सांध्याला दोन बाजूंनी सतत ओढतात आणि तो सुजून बसतो. चालण्याच्या शर्यतीत कंबर एका तासात हजारो वेळा वळते. जी कंबर त्याला वेग देत होती, दुखणं बसलं तेही तिथेच.

या आजाराला विश्रांतीवाचून खात्रीचा इलाज नाही आणि विश्रांती किती लागेल ते कुणी सांगत नाही. २०१६ चं रिओ ऑलिम्पिक गेलं. २०१७ ची जागतिक स्पर्धा गेली. २०१८ मध्ये तो पुन्हा शर्यतीत दिसला. दरम्यान हिरोओकी अराईने रिओत ५० किलोमीटरचं कांस्य जिंकलं. चालण्याच्या शर्यतीतलं जपानचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. आपल्या ऐन उमेदीची वर्षं सुझुकीने घरी बसून, सहकाऱ्यांची पदकं पाहत काढली. खेळाडूच्या आयुष्यात यापेक्षा कठीण काळ नसावा.

मग २० वरून तो ५० किलोमीटरवर का गेला?

परतला तेव्हा २० किलोमीटरमध्ये जपानची नवी पिढी आली होती आणि तिथे संघात जागा मिळवणं अवघड झालं होतं. ५० मध्ये निखळ वेगापेक्षा काटकसरीने चालण्याला किंमत असते, आणि ती त्याच्या चालीत होतीच. १४ एप्रिल २०१९ ला वाजिमाला त्याने ३ तास ३९ मिनिटं ७ सेकंद असा नवा जपानी विक्रम करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि दोहाचं तिकीट पक्कं केलं.

दोहाची शर्यत इतकी गाजली ती कशामुळे?

उकाड्यामुळे. सप्टेंबरअखेरचं कतार. दिवसा शर्यत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून रस्त्यावरच्या शर्यती मध्यरात्री ठेवल्या. तरीही तापमान ३० अंशांच्या वर आणि हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर. मुंबईतल्या मे महिन्यातली बिनवाऱ्याची रात्र आठवा आणि त्या रात्री ५० किलोमीटर चालायचं आहे असं समजा. घाम येतो पण वाळत नाही; घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. आदल्या रात्रीच्या महिला मॅरेथॉनमध्ये ६८ पैकी २८ जणींनी शर्यत सोडली होती.

५० किलोमीटरची शर्यत २८ सप्टेंबरला रात्री साडेअकराला सुरू झाली. समुद्रालगतच्या कॉर्निश रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात फेऱ्या. सुझुकी लवकरच पुढे गेला आणि पुढेच राहिला. ५० किलोमीटरचा विश्वविक्रमवीर दिनीझने शर्यत सोडली. एकेक जण कडेला बसू लागला.

शेवटचा टप्पा मात्र पाहवत नाही असा होता. सुझुकीची आघाडी दर फेरीला कमी होत होती. पाण्याच्या टेबलापाशी तो अक्षरशः थांबला, प्यायला आणि मग निघाला. जागतिक स्पर्धेत आघाडीवर असलेला खेळाडू पाण्यासाठी उभा राहतो, हे दृश्य एरवी दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटतं की आता गेला. मला मात्र तो थांबा त्या शर्यतीतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. मागच्यांशी झुंजण्याइतकं अंगात काही उरलं नव्हतं. उरलेलं पुरवून वापरायचं होतं.

पहाटे साडेतीनच्या पुढे तो ४ तास ४ मिनिटं २० सेकंदांनी पोहोचला. पोर्तुगालचा ४३ वर्षांचा जोआओ व्हिएरा ३९ सेकंद मागे, कॅनडाचा इव्हान डनफी आणखी तीन सेकंदांनी. चार तासांच्या शर्यतीत तिघे ४२ सेकंदांच्या आत.

पण ही वेळ त्याच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा २५ मिनिटांनी जास्त आहे. मग तिचं कौतुक कशाला?

वाजिमाला एका किलोमीटरला त्याला ४ मिनिटं २३ सेकंद लागत होते, दोहात ४ मिनिटं ५३. हा ३० सेकंदांचा फरक म्हणजे त्या रात्रीच्या हवेची किंमत. ती सगळ्यांनीच मोजली, त्याने सर्वांत कमी मोजली. नोमीला तो घड्याळाशी स्पर्धा करत होता, दोहात स्वतःच्या अंगातल्या तापाशी. या दोन कसोट्यांना लागणारे गुण जवळजवळ उलटे आहेत. एकाच खेळाडूने दोन्हीकडे जगात पहिलं यावं, हे फार थोड्यांना जमलं आहे.

टोकियो ऑलिम्पिकच्या शर्यती सप्पोरोला हलवल्या, त्याचा दोहाशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. दोहात खेळाडू कोसळताना जगाने पाहिलं आणि तीन आठवड्यांच्या आत, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती टोकियोहून उत्तरेकडच्या सप्पोरोला नेण्याचा निर्णय जाहीर केला.

मग सप्पोरोत सुझुकी का नव्हता?

दोहाच्या सुवर्णाने त्याची निवड कधीच पक्की केली होती. पण त्या रात्रीनंतर त्याचं शरीर पूर्ववत झालं नाही. थकवा जाईना, सराव जमेना. कोरोनामुळे ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं, तो वेळही पुरला नाही. जून २०२१ मध्ये, स्पर्धा तोंडावर असताना, त्याने माघार घेतली.

‘नुसतं उतरून तरी यायचं’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्याने जागा सोडली म्हणून हायातो कात्सुकीला ती मिळाली. कात्सुकी सप्पोरोत मागे राहिला, पण २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ३५ किलोमीटरचं कांस्य त्यानेच जिंकलं.

त्याचा विश्वविक्रम अजून आहे का?

नाही. १६ फेब्रुवारी २०२५ ला कोबेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तोशिकाझु यामानिशीने १:१६:१० अशी वेळ दिली. सुझुकीने दिनीझचा विक्रम २६ सेकंदांनी मोडला होता. यामानिशीने सुझुकीचा मोडला तोही बरोबर २६ सेकंदांनी. जपानी विक्रम जपानीच खेळाडूने मोडला.

यामानिशी कोण? दोघांत श्रेष्ठ कोण?

यामानिशी १९९६ चा, क्योतोजवळच्या नागाओकाक्योचा. क्योतो विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेला, आइची स्टीलचा खेळाडू. दोहात सुझुकीनंतर काही दिवसांनी त्याने २० किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं, २०२२ मध्ये ऑरेगॉनला पुन्हा जिंकलं आणि सप्पोरोत कांस्य मिळवलं. पदकांचा हिशेब मांडला तर यामानिशी पुढे आहे, यात वाद नाही.

पण चालीचा विचार केला तर मी सुझुकीच्या बाजूचा. यामानिशी पंचांच्या मर्यादेला खेटून चालतो. २०२४ मध्ये कोबेला तो बाद झाला आणि पॅरिस ऑलिम्पिक हुकलं. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत विश्वविक्रमवीर म्हणून घरच्या प्रेक्षकांसमोर आघाडीवर असताना त्याला तिसरं लाल कार्ड मिळालं. हल्ली तिसऱ्या कार्डाला लगेच बाद करत नाहीत. २० किलोमीटरमध्ये दंडाच्या जागेत दोन मिनिटं उभं करतात. तो उभा राहिला आणि २८ वा आला.

जपानचे खेळाडू या खेळात इतके पुढे कसे?

कंपन्यांचे संघ, विद्यापीठं, आणि नोमी, वाजिमा, कोबे, ताकाहाता यांसारख्या ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं होत आलेल्या शर्यती. जागतिक दर्जाचे पंच या शर्यतींना असतात, त्यामुळे खेळाडूच्या चालीतला दोष परदेशात बाद होण्याआधी घरीच कळतो. शिवाय एक जण पुढे गेला की दुसरा त्याच्या मागे लागतो. सुझुकीचा ५० किलोमीटरचा जपानी विक्रम मासातोरा कावानोने २०१९ च्याच ऑक्टोबरमध्ये ३:३६:४५ अशा वेळेने मोडला.

भारताचा नोमीशी काही संबंध?

आहे, आणि जवळचा आहे. भारतीय खेळाडू जागतिक आणि ऑलिम्पिक पात्रतेसाठी नोमीला जातात. मार्च २०१९ मध्ये इरफानने तिथेच १:२०:५७ अशी वेळ देऊन टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली होती.

५० किलोमीटरची शर्यत आता होते का?

मोठ्या स्पर्धांत नाही. सप्पोरोची ऑलिम्पिकमधली शेवटची ठरली आणि दोहाची जागतिक स्पर्धेतली. पुढे ३५ किलोमीटर आलं आणि २०२६ पासून अर्ध मॅरेथॉन आणि मॅरेथॉन ही अंतरं ठरली आहेत. म्हणजे पुरुषांच्या ५० किलोमीटरचा अखेरचा जगज्जेता म्हणून सुझुकीचंच नाव राहणार. मला स्वतःला हे अंतर बंद व्हायला नको होतं.

शर्यत पहिल्यांदाच पाहणार असेन तर लक्ष कुठे ठेवू?

पुढे कोण आहे ते थोडा वेळ विसरा. एक खेळाडू निवडा आणि त्याचं डोकं पाहा. ते वरखाली होतंय का? मग पुढच्या पायाचा गुडघा. मार्गाशेजारी एक फलक असतो, त्यावर प्रत्येकाच्या क्रमांकासमोर लाल कार्डं लागत जातात, तो जेव्हा दिसेल तेव्हा वाचा. दोन कार्डं असलेला खेळाडू शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आघाडीवर असेल तर शर्यत अजून ठरलेली नाही.